पंप कोणी वाढवला

चढावर गाडीचा दम तुटतो, मागून काळाकुट्ट धूर निघतो, तेव्हा तुम्ही आधी काय करता, बॉनेट उघडता की ड्रायव्हरची कॉलर धरता? खरं सांगा. मी विचारते आहे, कारण आमच्या घरात विज्ञानावर पत्रकं निघत होती आणि तरीही आमच्या गाडीत कॉलर आधी धरली गेली.

आमचं घर नांदेडला देगलूर नाक्याच्या अलीकडे होतं. पुढे छापखाना, मागे दोन खोल्या, आणि मधे एक पडदा, जो फक्त पाहुणे आले की ओढायचा. सकाळी मला जाग यायची ती मशीनच्या खटाक्-खटाक् आवाजाने, आणि आईच्या सुशिल्याच्या, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या, फोडणीला शाईचा आणि रॉकेलचा वास चिकटलेला असायचा, कारण रूळ धुवायला रॉकेल लागायचं. लग्नपत्रिका छापून जो कागद उरायचा त्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, आपली पत्रकं छापत. हुंड्यावर, अंगात येण्यावर, गंडेदोऱ्यांवर, कॉलेजच्या डोनेशनवर, नाक्यावरच्या खड्ड्यांवर. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं होतं. इतर मुलं बाराखडीचं पुस्तक वाचून शिकली असतील, मी प्रुफं वाचून शिकले. ताटाखाली पत्रक, भाकरी गुंडाळायला पत्रक, आणि भांडण झालं की आप्पांच्या तोंडीही पत्रकच. आई म्हणायची, "तुमच्या बोलण्याला खाली प्रकाशकाचं नाव तेवढं टाकायचं राहिलंय."

रस्त्याच्या पलीकडे रशीदभाईंचं गॅरेज. त्यांच्या तीन पिढ्या त्याच जागेत, आधी टांग्यांची चाकं, मग सायकली, मग जीपा. ते स्वतः फिटर आणि ड्रायव्हरही. आप्पांच्या रद्दी पत्रकांना ते ग्रीसचे हात पुसत, पण पुसण्याआधी मोठ्याने वाचत. "आप्पा, आज हुंड्यावर हात पुसले. काल बुवाबाजीवर पुसले होते, ग्रीस तर निघालं, बुवा न्हाई निघाला." आप्पांना राग येत नसे. उलट म्हणत, "वाचतोस ना, बास." चहा दोघांचा एकत्र, दिवसातून किती वेळा ते आईलाच ठाऊक, कारण करायची तीच.

मी त्या वर्षी लातूरहून परत आले होते. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे एका खोलीत काढली. क्लास, मेस, पुन्हा क्लास, आणि चार पर्यायांतला एक गोल काळा करणं. समुद्रसपाटीपासून वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, हे मी इतक्या वेळा काळं केलं होतं की झोपेतही माझं बोट त्या गोलावर गेलं असतं. त्या वाक्यात हवा आहे, पाणी आहे, आणि ती कुठल्या तरी खऱ्या डोंगरावरची आहेत, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज माझ्या भाचीला तेच गोल काळे करताना बघते तेव्हा तिची पेन्सिल काढून घ्यावीशी वाटते.

माझ्या मामांची उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत होती. तुरीची पोती हाताने उचलून वजन सांगणारा माणूस. त्यांचा मुलगा फौजेत, तेव्हा लेहला होता. सुट्टी मिळत नव्हती आणि लवकरच त्याला आणखी वर कुठल्या ठाण्यावर पाठवणार होते. तिथे फोनसुद्धा लागला नसता. मामीने जेवण कमी केलं होतं. मुलगा फोनवर सांगायचा, जम्मूपर्यंत रेल्वेने या, मग मी व्यवस्था करतो. पण मामांच्या दारात त्यांची स्वतःची लांब जीप उभी होती, आणि स्वतःची गाडी असताना रेल्वेने जाणं म्हणजे त्यांना मोंढ्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. शिवाय मुलाला द्यायचं सामान. ज्वारीच्या पिठाचं पोतं, आमटीला येसराचा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लाडूंचे डबे, तेलाचा पिंप, तुरीची डाळ, वाटेत स्वयंपाकाला स्टोव्ह आणि रॉकेलचा कॅन. ठरलं की गाडी रशीदभाई चालवतील, मामा-मामी, आप्पा आणि मी बरोबर जाऊ. आई म्हणाली, "छापखाना कोण बघणार? आणि एवढे दिवस तुमची भाषणं बंद गाडीत? मी इथंच बरी."

निघण्याआधी गाडी नांदेडला रशीदभाईंकडे आली. आणि इथेच ती गोष्ट घडली जिच्यामुळे मी हे लिहिते आहे. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. उसाचा ट्रॅक्टर असो, खडीचा ट्रक असो, ओझं जास्त आणि चढ मोठा असला की फिटरला सांगायचं, पंप वाढव. म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा जो पंप असतो त्याचा एक स्क्रू फिरवायचा, की दर वेळी थोडं जास्त डिझेल आत जातं. कंपनीने त्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील लावलेलं असतं, कुणी हात लावू नये म्हणून. आमच्या भागात ते सील शाबूत असलेली गाडी म्हणजे अजून कामाला न लागलेली गाडी.

आप्पा चहाचा कप घेऊन इंजिनात डोकावले. "रशीद, हिमालय चढायचाय. चढाला ताकद लागते. ताकद म्हणजे इंधन. साधं विज्ञान आहे. पंप वाढव."

"सील हाय आप्पा. मामासाब भडकतील."

"त्यांना कशाला सांगायचं? आणि त्यांना सील म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? पोत्याचं सील सोडून."

"तुमी म्हणत असाल तर करतो. पन मग ही गोष्ट तुमच्या-माझ्यात." रशीदभाईंनी हसत पक्कड घेतली, तार तोडली, स्क्रू फिरवला आणि नट आवळला. त्यांनाही ते मनापासून पटलं होतं, उगाच त्यांना शहाणं ठरवत नाही. मग आम्ही विष्णुपुरीच्या धरणाकडे चक्कर मारली. गाडी चढावर अशी सुटली की रशीदभाईंनी स्टिअरिंगवर थाप मारली. "घोडी झाली घोडी. आता हिला हिमालय दाखवा न्हाई तर चंद्र."

सपाटीवर सगळं छान चाललं होतं. मामा पुढे बसून खूश. "रशीद, काय पाजलंस रे गाडीला? माझ्या हातात हिनं असं कधी केलं न्हाई." रशीदभाई आरशातून आप्पांकडे बघून मिशीत हसायचे आणि आप्पा खिडकीबाहेर. मामी पदराने तोंड पुसत मुलाचं लहानपण सांगायची, मामा तिला मधेच तोडायचे, आणि आप्पा प्रत्येक चहाच्या टपरीवर दोन-दोन पत्रकं ठेवायचे. मराठीतली. पंजाबात. मी म्हटलं, "आप्पा, इथे कोण वाचणार?" तर म्हणे, "कुणी तरी विचारेल, हे काय आहे. तिथूनच सुरुवात होते." कपाळावर हात मारून घ्यायलासुद्धा त्या गाडीत जागा नव्हती, मांडीवर लाडूंचा डबा होता.

मनाली ओलांडून वर गेलो तशी पहिली ठिणगी डाळीवरून पडली. केलाँगच्या पुढे एका मुक्कामी मामीने स्टोव्ह पेटवला, पातेल्यात तुरीची डाळ लावली. पाणी खळखळा उकळत होतं आणि डाळ काही शिजत नव्हती. तासामागून तास. स्टोव्हला पंप मारून मामीच्या हाताला वळ आले, रॉकेल ओतत राहिली, आणि डाळ तशीच कडक. मामा ताटावर बसलेले.

"भिजवली न्हाईस का?"

"भिजवली होती."

"मग? डाळ खोटी म्हणायची का? आपल्या आडतीची तूर हाय. उदगीरची. जगात कुटंबी नेऊन शिजव."

"तेच तर करून राहिले की," मामी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने असेल.

मी तिथे बसले होते. पाणी कमी तापमानालाच उकळतंय, म्हणून डाळीला हवी तेवढी उष्णताच मिळत नाही, हे त्या पातेल्यावर वाफेने लिहिलेलं होतं. लातूरची दोन वर्षं माझ्या डोक्यात होती आणि मी भूक लागली म्हणून चिडून लाडू खात होते.

दुसऱ्या दिवशी बारालाचाची खिंड. सोळा हजार फुटांवरची. उन्हाळा असून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, आणि वळणामागून वळण. गाडीने आधी तिसरा गिअर सोडला, मग दुसरा, मग पहिल्यातही थरथरायला लागली. रशीदभाई जेवढं पायाखालचं दाबायचे तेवढा मागून धूर जास्त, डांबरासारखा काळा. बर्फावर काजळीची रांगोळी उठली. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि एका वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. सगळेच धापा टाकत होते. मामीचे ओठ निळसर. ती एकच वाक्य म्हणत होती, "परवा त्याला वर न्हेणार हायत. परवा."

मामा खाली उतरले, मागे गेले, धूर हुंगला आणि मागचं दार उघडलं. स्टोव्हचा रॉकेलचा कॅन हातात घेऊन हलवला. तो निम्म्याच्या खाली होता.

"रॉकेल कुटं गेलं?"

मामा पुढे आले. "रशीद, टाकीत रॉकेल घातलंस. आणि डिझेल इकलंस. काळा धूर कशाचा येतो ते मला शिकवू नको, मोंढ्यात रॉकेलवर चालणाऱ्या शंभर रिक्षा बघतो."

"मामासाब, अल्लाची शपथ—"

"शपथा नको. तुमा लोकांचं ठाऊक हाय मला." आणि त्यांनी रशीदभाईंची कॉलर धरली. "किल्ली दे. म्होरल्या मुक्कामाला दुसरा डायवर बघतो. तू ट्रकनं जा नांदेडला. तुजं गॅरेज कसं चालतं तेबी बघतो. उदगीरपासून देगलूरपर्यंत एक गाडी येणार न्हाई तुज्याकडं."

रशीदभाईंनी कॉलर सोडवली नाही. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. शब्द दिला होता ना, तुमच्या-माझ्यात. आणि आप्पा, ज्यांनी माणूस सारा एक यावर मी मोजू शकणार नाही इतकी पत्रकं काढली, ते बर्फाकडे बघत उभे होते. मी वाट पाहिली. आता बोलतील, आता बोलतील. रशीदभाईंनी खिशातून किल्ली काढली आणि मामांच्या तळहातावर ठेवली.

मला आजही त्या शांततेचा राग येतो. मामांच्या शिवीपेक्षा जास्त.

मी म्हटलं, "मामा, रॉकेल डाळीने खाल्लं. काल तुम्ही जेवणाची वाट बघत बसला होता ना, तेव्हा स्टोव्ह किती वेळ जळत होता? मामीला विचारा, कोणी ओतलं."

मामी म्हणाली, "मी ओतलं. हाताला वळ हायत."

"मग धूर कशाचा?"

"पंप वाढवलाय. आणि तो वाढवायला आप्पांनी सांगितलं. नांदेडला, माझ्यासमोर. सील तोडायला लावलं आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले."

आप्पांनी घसा खाकरला. "मूळ प्रश्न असा आहे की आपल्याकडे यंत्राविषयीची समज—"

"आप्पा, पत्रक नको. हो का नाही, तेवढंच."

वाऱ्याने टपावरची ताडपत्री फडफडत होती. आप्पा म्हणाले, "हो."

मामांचा हात कॉलरवरून सुटला, पण राग सुटला नाही, तो नुसता वळला. दाजी असून माझ्या गाडीचं सील, दाजी असून मला अडाणी समजता, असं सुरू झालं. मी मधे शिरून सांगत होते, धापा टाकत, तुकड्या-तुकड्यांत. डिझेल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. इंजिन दर वेळी तेवढीच जागा भरून हवा ओढतं, पण इथे त्या जागेत नांदेडच्या मानाने जवळजवळ निम्मीच हवा आहे. म्हणजे निम्म्याच डिझेलपुरती. बाकीचं जळत नाही, काजळी होऊन मागून पडतं. आम्ही त्याला आणखी पाजून ठेवलंय. ज्याला श्वास पुरत नाही त्याच्या तोंडात आपण घास कोंबतोय.

"हवा?" मामा म्हणाले. "एवढा वारा सुटलाय आणि हवा न्हाई म्हणती. ही लातूरला दोन वर्सं हेच शिकली?"

आणि रशीदभाई, ज्यांच्यासाठी मी भांडत होते, ते माझ्यावरच उखडले. "म्हंजे मी वाढवला तेच चुकलं म्हनती तू? इकडं चोर म्हनतेत, तिकडं तू अनाडी म्हनती. यापरीस चोर बरा होतो."

डोकं फुटायची वेळ आली. मी म्हटलं, "रशीदभाई, स्क्रू होता तिथे आणा, नव्हे, त्याहूनही थोडा कमी करा. तुम्हाला पटत नसेल तर माझ्यासाठी करा. चालली नाही तर मी ट्रकने तुमच्यासोबत नांदेडला येते." त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मामांनी ती दिली नाही, बॉनेटवर ठेवली. मग रशीदभाईंनी पाना घेतला, हवेचा फिल्टर काढून त्यातली धूळ झटकली, पुटपुटत स्क्रू मागे फिरवला. इंजिन निवेपर्यंत आम्ही सगळे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलो.

एवढं करूनही ताकद काही परत येणार नव्हती. हवाच नाही तर ती येणार कुठून. धूर थांबणार होता, इंजिन तापणं थांबणार होतं, पण ओझं तेच होतं. मी म्हटलं, खाली उतरून चालू या, मामी तेवढी आत बसू दे. मामा म्हणाले, जागा सोडून चालत जायचं तर गाडी कशाला आणली? पिठाचं पोतं टाकू का म्हटलं तर मामी आडवी आली. शेवटी मामा उतरले, कारण मामीने हात जोडले. माझ्यासमोर त्या बाईने नवऱ्याला हात जोडले, डाळीवरून ज्याचं बोलणं ऐकून घेतलं होतं त्याच नवऱ्याला, आणि ते उतरले ते असे, जणू उपकार केला.

गाडी पहिल्या गिअरमध्ये सुरू झाली. धूर करडा झाला, मग विरळ. माणूस चालेल इतक्या वेगाने ती चढत होती आणि आम्ही तिघं तिच्याबरोबर. दहा पावलं टाकली की थांबून श्वास घ्यायचा. आप्पांच्या काखेत लाडूंचे डबे. मामांनी मडगार्डवर हात ठेवला होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि गाडी थांबेल असं वाटलं की तोंडाने चक्-चक् करायचे. माथ्यावर पोचलो तेव्हा मामी आतून रडत हसली. रशीदभाई खाली उतरले नाहीत. समोर बघत बसून राहिले.

मुलगा भेटला. वर जायच्या आदल्या संध्याकाळी. त्याने चटणी बोटाने चाटली आणि मामीने त्या दिवशी पोटभर जेवण केलं. त्याच्या युनिटच्या एका मेकॅनिकने गाडी बघून सांगितलं की वर येणाऱ्या जुन्या गाड्यांचं डिझेल ते कमीच करतात. मामा म्हणाले, "मी तेच म्हणत होतो, गाडीवर ओझं जास्त झालं." रशीदभाईंना ते एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या सगळ्या वाटेत नाही. आप्पा बोलले, पण डोंगर कसे तयार झाले यावर.

नांदेडला आल्यावर आप्पांनी पत्रक काढलं. "उंची, हवा आणि इंजिन." उत्तम होतं, आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही. हवेचा दाब होता, ज्वलन होतं, सील न तोडण्याचं आवाहनही होतं. सील कोणी तोडायला लावलं ते नव्हतं, आणि कॉलर कोणाची धरली तेही नव्हतं. आईने प्रुफ वाचलं आणि विचारलं, "यात रशीद कुठंय?" आप्पा म्हणाले, "व्यक्तीला महत्त्व नाही, विचाराला आहे." आई म्हणाली, "मग चहाही विचारालाच पाजा," आणि तिने दुसरा कप मांडणं बंद केलं. तो तसाही लागत नव्हता. रशीदभाई रस्ता ओलांडून येईनासे झाले होते. ग्रीस ते चिंधीला पुसू लागले.

तिकडे मामांनी मोंढ्यात वेगळीच कथा सुरू केली. हिमालयात डिझेल विकून टाकीत रॉकेल घालणाऱ्या नांदेडच्या ड्रायव्हरची. त्यात मामा धूर हुंगून चोरी पकडतात आणि स्वतः गाडी खिंडीपार नेतात. सांगायला चांगली आहे, लोक हसतात. मामा आता थकले, आप्पा तर गेलेच, नव्या गाड्यांना टर्बो आला, हवा कोंबून आत भरतो, तो स्क्रू कुणाला शोधूनही सापडायचा नाही. कथा मात्र तशीच धावते आहे. मागच्या दिवाळीत लातूरच्या बसस्थानकात एका पोराने ती मलाच ऐकवली. त्याने ड्रायव्हरचं नावही घेतलं, आडनावासकट, आणि वर म्हणाला, "त्यांचं असंच असतंय." रशीदभाईंचा मुलगा आज तेच गॅरेज चालवतो, आणि उदगीरकडच्या गाड्या अजून त्याच्या दारावरून पुढे जातात.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. उदगीर, देगलूर, लातूरच्या बाजूला ही कथा तुम्ही ऐकली असेल, नसेल तर ऐकाल. ज्याने सांगितली त्याच्याकडे परत जा, जिथे लोक हसले त्याच कट्ट्यावर, त्याच चार माणसांसमोर, आणि सांगा की रॉकेल डाळीने खाल्लं, पंप माझ्या वडिलांनी वाढवायला लावला, आणि वर हवा विरळ होती. आणि हे सांगताना रशीदभाईंचं नाव गाळू नका.